वॉल्डनच्या पुढे एकवीस मैल

पेट्रोल पंप मागे पडला की फक्त तारेचं कुंपण
आणि वारा. त्याला कुणी अडवत नाही.
लसींचा डबा मांडीवर धरून मी जाते.
मे महिना, तरी चिखल दगडासारखा.

गोन्पो क्याब फाटकाशीच उभा.
हॅस्केल बाईंचे चाळीस याक तो राखतो,
कानातल्या बिल्ल्यांचे आकडे न बघता.
याक हंबरत नाहीत, घशात घरघरतात,
रिकामं जातं ओढल्यासारखे.

गोठ्याच्या दक्षिण भिंतीवर त्याने गोवऱ्या थापल्यात.
काउंटीचा माणूस फोटो काढून गेला.
"आमच्याकडे म्हाताऱ्याला म्हणतात,
याच्या गोवऱ्या मसणात गेल्या,"
अर्धं इंग्रजीत, अर्धं हातवाऱ्यांनी मी सांगते.
तो इतका हसतो की मला सुई थांबवावी लागते.
"माझ्या अजून भिंतीवरच आहेत."

रेंज फक्त टेकाडावर.
दिवस कलताना तिथे पिकअप लावून
तो लेकीचा निरोप ऐकतो:
माचूला आता ओळीत घरं, दारात नळ,
उरलेली जनावरंही विकली,
ट्रक उद्या येईल.
तिच्या बोलण्यामागे काहीतरी घरघरतं.

तो निरोप पुन्हा लावतो. आवाज वाढवतो.
खाली कुरणात एक काळी म्हातारी मादी
चरता चरता मान वर करते,
कान फिरवते उत्तरेला,
मग पश्चिमेला,
आणि चरायचं विसरते.

मी वही उघडते. क्रमांक सतरा, लस दिली.
नाव काय हिचं, विचारते.
तो सांगतो, दोनदा.
रकाना अजून कोरा आहे.