माझं अक्षर चांगलं म्हणून

माझं अक्षर चांगलं म्हणून
दरवर्षी मला बोलावतात
मानकापूरच्या स्टेडियमात, तक्ता लिहायला.
मुली, त्रेपन्न किलो. सोळा नावं, सोळा रेघा,
दोन रेघांची एक, पुन्हा दोनींची एक,
उजव्या टोकाला एकच नाव उरेपर्यंत.

कुस्तीतलं मला काही कळत नाही.
पाचपावलीच्या शाळेत मी चित्रकला शिकवतो.
कागदावरून मान वर करत नाही, शाई सांडते.
पदकांची पेटी मात्र माझ्याच टेबलाखाली:
सोन्याचं एक, चांदीचं एक, ब्राँझची दोन.
पहिल्या वर्षी वाटलं होतं, कुणाची तरी मोजण्यात चूक झाली.

सकाळी सव्वादहा.
त्रिवेणी मरसकोल्हे, रामटेक,
मोनल इंगळे, वाशीम, हिच्याकडून चितपट.
एक मिनिट चाळीस सेकंद.
त्रिवेणीचं नाव मी तिथंच थांबवलं.
आम्ही खोडत नाही कुणाला,
नुसतं पुढे लिहीत नाही.

कानाला बर्फ लावून ती टेबलाशी आली.
"सर, माहं संपलं का?"
म्हटलं, ते आता तुझ्या हातात नाही.
मोनल फायनलला गेली तर तुला परत बोलावतील.
नाही गेली तर दोनची एसटी आहे.
"म्हंजे जिनं मले पाडलं
तिच्याच साठी देव पाण्यात ठेवू?"
ठेव, म्हटलं.

कूलरच्या तोंडाशी बसली मग, ओल्या वाळ्याच्या वासात.
मोनलची पुढची कुस्ती झाली, ही गप्प.
सेमीफायनलला मोनल चार गुणांनी मागे पडली
आणि हिच्या तोंडून निघालंच:
"काहून पाहून राहिली बे? पाय धर तिचा!
मले धरला होता तसा!"

मोनलला ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही.
पाय धरला मात्र.

तिचं नाव मी शेवटच्या रेघेवर नेलं,
आणि त्याच पेनानं मागे फिरून
तिनं पाडलेल्या तिघींची नावं
वेगळ्या कागदावर उतरवली, पडल्या त्या क्रमानं.
जी आधी पडली, तिला जास्त लढावं लागतं.
त्रिवेणीला दोन.

पहिली तिनं मारली.
दुसरी सहा-पाचनं गेली,
शेवटच्या नऊ सेकंदांत.
ब्राँझ भंडाऱ्याच्या मुलीला.
पाचवी आलेल्याला पेटीत काही नसतं.

दोनची गाडी केव्हाच गेली होती.
साडेचारचीही निघत असेल.
फायनलशी आता तिचं काही देणंघेणं नव्हतं,
मोनल जिंको, हरो.
तिचा प्रशिक्षक पिशवी उचलून दारात उभा,
चल म्हणून हात करून राहिलेला.
आणि कूलरपाशी, बसलेल्या घशानं, तीच:
"मले धरला होता तसा! अवं, तसा!"

त्या दिवशी निकाल मी नंतर लिहिला.
आधी पाहिला.