मिठाचं बिल

आमच्याकडे क्रिस्टियान्सुंदला
नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
शुक्रवार होता. खाली गोदामात
कॉड माशांचे थर मिठात झोपलेले,
आणि वर मी, तुरून, हिशेबाची बाई,
कोटाची एक बाही चढवलेली,
दुसरा हात अजून माऊसवर.

तेवढ्यात रेमेदिओसची मेल आली.
रेमेदिओस म्हणजे आमचं मीठ,
एकोणीस वर्षं स्पेनहून जहाजानं येणारं,
भरड, किंचित गुलाबी.
‘आमचं खातं बदललं आहे. कृपया
या बिलाची रक्कम आजच नव्या खात्यावर भरावी.’
खाली तिचं नाव, तिचा शिक्का,
आकडा शेवटच्या सेंटपर्यंत बरोबर.

फक्त गुडघ्याबद्दल काही लिहिलं नव्हतं.
एकोणीस वर्षांत तिचं एक पत्र असं नाही
ज्यात तिचा डावा गुडघा नाही.
आणि व्याकरण शुद्ध होतं.
मला ते दिसलं. दिसलं, आणि तरी
दुसरी बाही घालता घालता
मी बटण दाबलं.

एकेचाळीस हजार युरो.

पंधरा दिवसांनी तिचा फोन:
‘तुरून, यंदा मीठ अळणी निघालं की काय?
पैसे नाही आले.’

मग तो पत्ता आम्ही दोघींनी
अक्षर अक्षर लावून वाचला,
पहिलीतल्या मुलींसारखा.
आर आणि एन खेटून उभे केले
की लांबून एम दिसतो.
एवढंच. तेवढ्या फटीतून
अख्खं जहाज निघून गेलं.

बँकेतला मुलगा हळूच म्हणाला,
‘पहिल्या काही तासांत कळवलं असतंत, तर कदाचित...’
पैसा तीन देश फिरून
पाण्यातल्या मिठासारखा विरला होता.
पोलिसांनी विचारलं, कुलूप कुठे तुटलं?
कुठेच नाही. मीच दार उघडून या, बसा म्हटलं.
म्हणाले, महिनाभर तो तुमच्या पत्रांत
दबा धरून बसला होता,
तुमची बोलण्याची ढब शिकत.
गुडघा तेवढा त्याला महत्त्वाचा वाटला नाही.

आस्बियोर्न, मालक, ओरडला नाही.
ओरडला असता तर बरं झालं असतं.
तो खाली जाऊन रात्रीपर्यंत मासे उलटत राहिला.
मी आठवडाभर डबा गाडीत बसून खाल्ला.
मग त्यानं काच वाजवली:
‘एवढ्या रकमेला तुझी एकटीची सही का पुरत होती?
ते मी ठरवलं होतं, तू नाही.’
कर्ज काढून त्यानं रेमेदिओसचं बिल पुन्हा भरलं.
खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात
ते हेच असावं.

आता दोन सह्या लागतात.
खातं बदललं असं कुणी लिहिलं की फोन,
तोही त्या पत्रातल्या नंबरवर नाही,
माझ्या निळ्या वहीतल्या, शाईनं लिहिलेल्या.
एस्किल, नवा पोरगा, हसतो:
नऊशे क्रोनरसाठी लिस्बनला फोन?
हस बाबा. मी आता पाणीसुद्धा फुंकून पिते.
‘तातडीनं’ दिसलं की उठून कॉफी करते.
ज्याचे पैसे खरे, तो कॉफीपुरता थांबतो.

गेल्या मंगळवारी आस्बियोर्नची मेल:
‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस.
एक रक्कम लगेच पाठव. कुणाला बोलू नकोस.’
मी कॉफी केली नाही. जिना उतरले.
तो कोपरापर्यंत मिठात.
‘मला मेल केलीस?’
त्यानं दोन्ही हात वर केले,
पांढरे, भेगाळलेले, थेंब गळणारे.
‘या हातांनी?’

फारसं हसलो नाही आम्ही.
वर येऊन मी रेमेदिओसला फोन लावला,
काम काही नव्हतं.
गुडघा कसा आहे, विचारलं.
वीस मिनिटं ती सांगत होती,
आणि मी एकेक शब्द
दाताखाली धरून पाहत होते, खारट आहे ना.