सांगणारा कोण

बाणकोटच्या धक्क्यावरून बातमी वर आली
तेव्हा भरती अर्ध्यावर होती,
आम्ही सात मुली रुकय्याआपांच्या पडवीत
रेहालींपुढे डुलत होतो.
लतीफ नाखवाची होडी
हर्णैच्या पुढे उलटली म्हणे.
त्या होडीवर माझे बावा.

अम्मीच्या हातातलं सूप पडलं, तांदूळ अंगणभर.
आपांनी चष्मा कपाळावर सरकवला.
'सांगणारा कोण?'
यासीन सुतार.
'त्याने डोळ्यांनी पाहिली?'
नाही, वेसवीच्या तरीवर कळलं.
'कोणाकडून?'
कोलीम विकणाऱ्या बाईकडून.
'आणि तिला?'
तिला कोणीतरी.
'कोणीतरी,' आपा म्हणाल्या,
'हे माणसाचं नाव नाही.'

त्याच आठवड्यात हदीस सुरू झाली होती.
कुरआन अल्लाहचा शब्द, आपा सांगायच्या,
तो म्हणतो, नमाज कायम करा.
पण कंबर किती वाकवायची, हात कुठवर न्यायचे,
हे पैगंबरांना करताना कोणीतरी पाहिलं
(इथे त्या थांबायच्या: कोणीतरी नाही, नावानिशी माणसाने),
त्याने दुसऱ्याला दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला.
त्या साखळीत बायकाही होत्या, पुष्कळ.
पैगंबर बोलले ते हदीस, वागले ते हदीस,
समोर काही घडलं आणि ते गप्प राहिले, अडवलं नाही,
ते गप्प राहणंसुद्धा.

मजकूर म्हणजे मासळी, आपा म्हणायच्या,
सनद म्हणजे जाळ्याची दोरी.
एक गाठ सुटली की मासळी कुठली, कोणाची,
सांगता येत नाही.
म्हणून आधी माणूस तपासायचा:
खोटं बोलतो का, विसरतो का,
ज्याचं नाव घेतो त्याला भेटला तरी होता का.
एकजण महिनाभराची वाट तुडवून
कोणाकडे एक हदीस ऐकायला गेला.
तो गृहस्थ रिकामा ओचा पुढे धरून
दाणे आहेत असं भासवत घोड्याला बोलावत होता.
हा तसाच मागे फिरला.
जनावराला फसवणाऱ्याकडून काय घ्यायचं?
'या गोष्टीची सनद मात्र
मला ठाऊक नाही हं,' असं म्हणून
आपाच आधी हसायच्या.

तिसऱ्या दिवशी, मगरिबच्या थोडं आधी,
होडी खाडीत शिरली. शीड फाटलेलं,
माणसं पाचच्या पाच.
पिंपात गोडं पाणी दोन तांबे उरलेलं.
अम्मीने विचारलं, वजूला काय केलंत?
बावा म्हणाले, समुद्र होता की.
पोरीने सांगितलं होतं ना,
दर्यावर जाणाऱ्या कोण्या माणसाने
हेच विचारलं होतं पैगंबरांना,
पिऊ की वजू करू, पाणी थोडं आहे.
आणि त्यांनी सांगितलं, समुद्राचं पाणी पाक आहे.

आपांकडून मी, माझ्याकडून बावा,
बावांकडून चार खलाशी.
नऊ वर्षांची, गुडघे फुटलेली रावी.
धावत आपांकडे गेले.
त्यांनी शाबासकी दिली नाही.
'ऐकलंस तसंच्या तसं सांगितलंस?'
मी मान खाली घातली.
पुढचा तुकडा गाळला होता,
समुद्रातलं मेलेलंही हलाल, तो.
मला मेलेल्याची भीती वाटायची.
पुढे महिनाभर पडवीत
माझं नाव होतं जईफ.

आता कुवेतहून मुलगा फोनवर पाठवतो,
गुलाबाच्या चित्रावर सोनेरी अक्षरं:
पैगंबरांनी सांगितलं, हे दहा जणांना पाठवा.
मी लिहिते, सांगणारा कोण?
तो हसरा चेहरा पाठवतो.

आणि जुलेखाखाला म्हणायची,
दिवेलागणीनंतर केर काढू नये,
उंबऱ्याशी फरिश्ते उभे असतात, त्यांच्या पायांना लागतो.
खालाच्या मागे कोणी नाही. मी शोधलं.
आजही रात्री मी झाडू उचलत नाही.
नात विचारते, हदीस आहे का ही?
नाही ग. खालाचं आहे.
खाला म्हणायची, एवढंच म्हण.