आवाज फक्त वळणावर येते

डवरे सर म्हणाले, "आवाज येते बावा,
पन फक्त वळणावरच येते."

आता परतवाड्यात वळण कुठून आणू?
अंजनगावचा रस्ता सरळ, अमरावतीचा सरळ,
संत्र्याच्या बागेपाशी जरासा वाकते,
तेवढ्यात काय ऐकू येईन?
तीन दिवस येझदी दुकानासमोर उभी.
चेन पाह्यली, बेअरिंग खोललं,
एकेक स्पोक टिचकी मारून ऐकला,
पेटी सुरात लावावी तसा.
काही नाही.

चौथ्या दिवशी शटर अर्धं ओढलं,
पोट्ट्याले सांगतलं, ट्रायल मारून येतो.
बावीस वर्षं हेच सांगून जातो मी
आन् नाक्यावरून वापस येतो.
लोकायच्या गाड्या, लोकायचं पेट्रोल.

बिहाली मागं गेली. मंग रस्ताच उठून उभा राह्यला.

सागाचं पान मार्चात कागद होते,
चाकाखाली आलं की फाटते; तो आवाज येगळा.
पहिल्या वळणावर नुसते दोन सायलेन्सर.
दुसऱ्यावर हवा, शर्टाच्या बाहीत घुसलेली.
तिसऱ्यावर आला.
टक्. टक्-टक्.
डावीकडे झुकलं की टक्,
सरळ झालं की गप.

मी त्याच्याच मागं लागलो.
वळण दिसलं की कान टवकारायचे,
आन् कान टवकारले की गाडी आपोआप झुकायची.
जिथं पाहान तिथं चाक जाते,
दरीकडे पाह्यलं तं दरीकडे.
हे मले कोनी सांगतलं नव्हतं.
एवढी चाकं बसवून देल्ली,
पन चाक झुकते कसं
ते माह्या कंबरेले आजच समजलं.

मोहाची टोपली घेऊन एक बाई
कठड्याले टेकून थांबली, मले जाऊ देल्लं.
धारणीची एसटी वरून उतरली,
डायवरनं काचेमागून दोन बोटं दाखवली:
मागं आखीन दोन गाड्या हायेत.
त्याले काय दाखवावं, सुचलं नाही.
मूठ दाखवली.
माह्या मागं कोनी नाही.

घटांगले चहा सांगतला
आन् बाजूची पेटी उघडली.
पान्हा, प्लगचा ब्रश, कुजलेलं फडकं,
फडक्यातून निसटलेली एक सागरगोटी.
राखी, गुळगुळीत, हातायनं झिजलेली.
कोनाच्या हातायनं, ते येझदीले ठाऊक.

खिशात टाकली. पुढं दोन वळणं गेलो.
गाडी एकदम चूप.
दुरुस्त गाडी कशी असते, तशी.
वळण आलं, वळण गेलं,
मी कुठं पाहात होतो तेही समजलं नाही.
तिसऱ्याच्या आधी थांबलो,
सागरगोटी पेटीत टाकली,
फडकं मातर नाही गुंडाळलं.

सांजचे सर आले.
म्हन्लं, सर, सापडत नाही अजून.
उद्या चिखलदऱ्यापावतर जावं लागन.

त्यायनं माह्याकडे पाह्यलं,
मंग मडगार्डात अडकलेल्या
सागाच्या पानाच्या चुऱ्याकडे.
खिशातून पेट्रोलचे दोनशे काढले.
"मी मांगं बसलो तं चालन काय?" म्हणाले,
"मांगून चांगला ऐकू येते."