आवाज खरा हवा

तीन आठवडे मी नदी बनवत होते
पणजीत, पाटोवरच्या ऑफिसात, एसी एकोणीसवर.
हिरव्याच्या अकरा छटा,
त्यातली आठवी खास खारफुटीच्या मुळांसाठी.
ऊन तिरपं, कायम साडेचारचं.
हेडसेट चढवला की होडी आपोआप सुटायची
आणि बरोबर चाळिसाव्या सेकंदाला
डाव्या हाताला मगर जबडा उघडायची.
लोक खुर्चीत किंचाळायचे, मग हसायचे,
मग कॉफी कुठे मिळेल विचारायचे.

साहेब म्हणाले, सगळं झकास, फक्त
आवाज खरा हवा.

म्हणून दुर्भाट. रेकॉर्डर, दोन माइक, सुके सेल.
पुरसो खाजनाच्या मानशीवर जाळं झटकत होता.
किती वाजता निघायचं, विचारलं
तर त्यानं फळीवरची ओली रेघ पाहिली
आणि विडी अर्धीच विझवून कानामागे ठेवली.
"चपलां हांगाच दवर," म्हणाला.
मी ऐकलं नाही.

जुवारीवर तेव्हा काहीच घडत नव्हतं.
काहीच न घडणं इतकं मोठं असतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
वल्ह्याच्या पात्यावरून निथळणारे थेंब,
मुळांमध्ये कसलीशी बारीक चटचट,
तव्यावर मोहरी तडतडावी तशी, पण गार.
आणि वास. वासाला माझ्याकडे फाइलच नाही.

वळणावर होडी रुतली.
पुरसो उतरला, तशी मीही उतरले, मांडीपर्यंत.
चिखल कोमट होता. आत कुणीतरी
माझा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवल्यासारखा.
डावी चप्पल गेली. अंगठा कालवाच्या धारेवर.
मी ओरडले, आणि तो आवाज
माझ्या ओळखीचा नव्हता.

समोर काठावर एक गुळगुळीत घसरण,
ताज्या लोण्यावरून बोट फिरवावं तशी,
दोन्हीकडे नखांच्या खुणा.
पुरसोनं तिच्यावर तळवा टेकवला,
आजारी लेकराच्या कपाळावर टेकवावा तसा.
"आत्तांच गेलां."
मगर मला दिसली नाही.
पण मला ती दिसली होती की काय,
असं पाठीला अजून वाटतं, विशेषतः अंघोळीच्या वेळी.

सत्तेचाळीस मिनिटं रेकॉर्डिंग.
त्यात पुरसोचा खोकला, माझा श्वास,
आणि एकतिसाव्या मिनिटाला
दोघांनी मिळून गप्प बसणं.
ते मी कापलं नाही.
मगरीची चाळीस सेकंदंही काढून टाकली:
येईल तेव्हा येईल, नाही तर नाही.

आठवड्यात तक्रारी आल्या. मगर बिघडलीय.
साहेबांनी स्वतः ती परत बसवली,
आता बत्तिसाव्या सेकंदाला.
असो. पगार त्याचाच आहे,
आणि लोक पुन्हा किंचाळतात, त्यात खोटं काय.

पौषातल्या अवसेला मी रजा टाकून गेले.
खाजनात बायका-पोरं चिखलाची मगर थापत होती,
पाठीवर तिसऱ्यांचे शिंपले, जबड्यात काटक्यांचे दात.
माझ्याकडे शेपटी दिली. मी ती
पडद्यावर तीन आठवडे केली तशीच केली, रेखीव.
एका पोरीनं पाहिली, दोन्ही हातांनी मोडली,
आणि कमरेपासून पुन्हा वळवली,
पाण्यात वळते तशी.

उभी राहताना विचारलं,
ही करतो, ते बघायला खरी येते का कधी?
पुरसो नखांतला चिखल काढत होता.
येत असेल, म्हणाला.
आमची पाठ असते ना पाण्याकडे.

अंगठ्यावर वण आहे, चंद्रकोरीएवढा.
बूट घातला की आत जरा बोचतो.
ओहोटी किती वाजता असेल आज,
मीटिंगमध्ये मी वहीच्या कडेला लिहून ठेवते.