कोट सांभाळणारी

एका कोटाचे पन्नास पेन्स. छत्री फुकट.
खिडकीएवढं माझं दुकान,
नाचघराच्या एका अंगाला,
समोर तिरकं स्टेज.

ही इमारत मला ओळखते.
आमच्या मागांवरचं कापड रॉयटनहून इथे यायचं,
इथून जहाजांवर.
आता खांबांना जांभळा रंग फासलाय
आणि क्लबचं नाव ठेवलंय 'गोदाम'.
फार डोकं चालवलं म्हणायचं.

संगीतातलं मला कळत नाही.
कोटांवरून कळतं.
दोन वर्षांमागे इथे 'पेपर कॅनरी' वाजवायचे,
चार पोरं, चौघांचे केस डोळ्यांवर,
समोर वीस-बावीस जण, त्यातले निम्मे मावसभाऊ.
कोट अंगातच. हात खिशात.
बुटांकडे बघत ऐकायचे,
जणू गाणं कुणाच्या तरी हातून
जमिनीवर सांडलंय.
रात्रभराची माझी कमाई दीड पौंड.

मग मॉस साइडचा कार्लटन आला,
बगलेत बुटांच्या खोक्याएवढी पेटी.
तीच पोरं, त्याच गिटारी,
गायकाचा तोच सर्दी झालेला आवाज,
पण खालून ती पेटी
धप् धप् धप् धप्
न थकता, न चुकता, न लाजता.
त्या शुक्रवारी तीनशे अकरा कोट!
हँगर संपले, मी फरशीवर थप्पी लावली.
ओल्या लोकरीचा वास,
कुत्र्यांची शाळा सुटल्यासारखा.

ड्रमर केल्विन येऊन त्या थप्पीवर बसला.
"त्या खोक्याला चहासुद्धा लागत नाही, विनिफ्रेड," म्हणाला.
म्हणाला म्हणजे ओठ हलवले. आवाज कुठला पोचतोय!
पण मी चौतीस वर्षं मागांच्या शेडमध्ये काढलेली.
शंभर माग धडधडत असताना
आम्ही बाया ओठांनीच बोलायचो,
कुणाचा नवरा, कुणाचं पोट, कुणाची उधारी,
तोंडातून आवाज न काढता
अख्खं गाव धुऊन वाळत घालायचो.
माझे कान कधीच निवृत्त झाले,
डोळे अजून कामावर आहेत.

मी त्याला तसंच सांगितलं:
माग एका चालीने चालतो, खरंय.
पण धागा तुटला की
कुणीतरी वाकावं लागतं.
"इथे काय तुटणार?" तो म्हणाला.
मला उत्तर सुचलं नाही.
शिवाय एक मुलगी पावती हरवून समोर उभी होती.

तो उठून गेला आणि ड्रमवर बसला.
काय वाजवलं ते मला ऐकू नाही आलं,
फळ्यांतून तळव्यांना कळलं:
पेटीच्या ठोक्यामागे
केसभर उशिरा त्याचा ठोका,
दारातून एकदा मागे वळून बघणाऱ्या माणसासारखा.
आणि त्या केसभर जागेत
तीनशे माणसं मावली.
बॅटरी कारखान्यातली मॅक्सीन,
शाळेचा शिपाई,
नोकरी गेलेले दोन वेल्डर
एकमेकांच्या गळ्यात.
घाम छतापर्यंत जाऊन
परत टपकत होता.

गायकाचे शब्द कुणालाच कळत नसत.
मला कळायचे, पण मला कोण विचारतंय?
त्या रात्री तो तिसरं कडवं विसरला
आणि डोळे मिटून म्हणत सुटला
घरच्या बसचे थांबे, ओळीने:
चर्चचा कोपरा, गॅसची टाकी,
सहकारी दुकान, बंद गिरणी,
बंद गिरणी दुसरी...
लोकांनी हात वर केले. काहींचे डोळे भरले.
माझा थांबा मात्र त्याने गाळला.
मी खिडकीतून ओठांनी ओरडले,
दगडी पूल, पोरा, दगडी पूल!
त्याचं लक्ष नव्हतं.

पहाटे एकच कोट उरला.
हिरवा, बायकी, अस्तर उसवलेलं,
खिशात कागदात गुंडाळलेलं अर्धं संत्रं.
बाहेर कालव्यावर बर्फाची साय धरलेली.
कशी गेली असेल ती अशी उघडी,
आणि कोणत्या ठोक्याच्या उबेवर?

सुई माझ्या पर्समध्ये असतेच.
चार टाके घातले.
संत्रं मी खाल्लं, ते काही शुक्रवारपर्यंत टिकलं नसतं.