कोरफडीला पाणी

भुसावळात मे महिन्यातली सकाळ
साडेपाचला सुरू होते आणि सातला संपते.
तेवढ्यात आम्ही चौघी आपापल्या गच्चीवर,
हातात मग, मधे कमरेएवढे कठडे.
नळ आठव्या दिवशी येतो, कधी दहाव्या,
म्हणून पाण्याचं बोलणं देवाच्याही आधी.

"कूलरचं पाणी नको घालू वं, खारं असतं."
"मग माझा मोगरा काय मिठावर फुलला?"
पाचपांडे वहिनी विचारतात,
आणि फुललाय खरा.

रजिया तडवी रात्रपाळी करून येते,
पांढरा कोट काढायच्या आधी मिरच्यांकडे जाते.
सलाइनच्या रिकाम्या बाटल्या टांगल्यात तिनं
एकेका रोपाच्या उशाशी.
मिनिटाला आठ थेंब.
"पेशंट कसे आहेत?"
"दोन नंबरला मावा लागलाय."

कोकिळाताईचा भाऊ रावेरला, केळीवाला.
त्याच्या मळ्यातल्या जुन्या ठिबकच्या नळ्या,
घडांवरच्या निळ्या पिशव्या,
सगळं तिच्या गच्चीवर येऊन पुन्हा कामाला लागतं.
बामणोदच्या वांग्याचं बी तिनंच दिलं मला,
लग्नपत्रिकेच्या पाकिटात.
पाकिटावर चि. हर्षल.
तेव्हापासून त्या झाडाचं नाव हर्षल.
"हर्षलला फूल आलं का गं?"
खाली गॅसवाला थबकतो, वर बघतो,
सिलेंडर खांद्यावर तसाच.

तर मला अकरा दिवस नाशिकला जायचं होतं,
लेकीचं बिऱ्हाड हलवायला.
वहिनींना कठड्यावरून नीट सांगितलं:
हर्षलला एक मग,
गोडलिंबाला अर्धा,
कोरफडीला काही नको, ती अशीच राहते.

वहिनींनी ऐकलं.
पण रजियाला वाटलं, वहिनींचा गुडघा,
जिना कसा चढतील रोज?
कोकिळाताईला वाटलं, रजिया रात्रभर उभी,
तिनं झोपावं की मग भरावे?
आणि वहिनींना कुणी काही विचारलंच नाही.
बोलून दाखवलं की उपकार दिसतो,
म्हणून तिघी वेगवेगळ्या वेळी,
एकमेकींच्या नकळत.

परत आले. गच्चीवर दीपनगरची राख,
पायाला नेहमीसारखी मऊ.
पानं मात्र धुतलेली.
हर्षलला सात वांगी, एकेक तान्ह्याच्या डोक्याएवढं.
कोरफडीला हात लावला
तर ती मुळापासून हातातच आली.
खाली चिखल. वास तर विचारू नका.

"कोरफड कशी मरेल?" वहिनी म्हणाल्या,
"मी तर रोज वाटीभरच..."
आणि थांबल्या.
"वाटी?" रजिया म्हणाली, "मी बाटली लावत होते."
कोकिळाताई नखानं कठड्याचा चुना खरवडत होती.
"मले वाटलं, सगळ्यायले पाणी अन् हिलेच नाही.
कसं तोंड करून बसली होती बिचारी."

आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही.
वहिनी हसता हसता खालीच बसल्या, गुडघा धरून.
रजियाचा धाकटा मधेच बोलला,
"अम्मीनं तर कूलर दोनच तास लावला,
म्हणे टाकीत पाणी नाही."
"तू आत जा," रजिया म्हणाली.
त्या आठवड्यात पारा शेहेचाळीसला होता.

संध्याकाळी पत्र्याच्या डब्यात पऱ्हाट्या पेटवल्या,
सातही वांगी भाजली.
कोकिळाताईनं केळीची पानं आणली,
वहिनींनी कळण्याच्या भाकरी.
तिखटावरून थोडं भांडण झालं,
रजियाच्या दोन नंबरच्या मिरच्या होत्या,
बऱ्या झालेल्या.
डोळे सगळ्यांचेच वाहत होते.

जाताना वहिनींनी पदराआडून एक कोरफडीचं पिल्लू काढलं,
दह्याच्या डब्यात लावलेलं.
मी डब्यावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं,
हिचा उपास आहे.

पहाटे वर गेले.
खाली कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं,
उपासाला पाणी चालतं.